साठ टक्के प्रथिनं, पण कुठल्या वजनावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीडकडे दोन एकर तुती आहे, वर्षाला रेशीम कोषांच्या पाच-सहा बॅच निघतात. मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात रेशीम अळीत मटणाच्या तिप्पट, म्हणजे ६० टक्के प्रथिनं असतात असं सांगितलंय. मुलगा जिमला जातो, वडिलांना साखर आहे. एवढं पोषक खाणं आपण कोषात घालून जालन्याच्या मार्केटला विकून टाकतोय का, आणि घरी खायचं म्हटलं तर चालेल का?

दादा, व्हिडिओतला आकडा खरा आहे, तुलना मात्र फसवी आहे. प्युपा, म्हणजे कोषात गेल्यावर अळीचं जे रूप होतं ते, खाण्यासारखा असतो, कोट्यवधी माणसं तो खातात. पण तो अन्न म्हणून ताटात येणार की उकिरड्यावर जाणार, हे प्रथिनांच्या टक्क्यापेक्षा कोषातून निघाल्यावरच्या पहिल्या काही तासांत ठरतं. मी परभणीला अन्नतंत्र शिकले, पुढे दोन वर्षं आसामात कोक्राझारकडे एरी जातीच्या रेशीम अळीच्या प्युपावर काम केलं, आणि त्यानंतरची सहा-सात वर्षं कर्नाटकात रिलिंगनंतर, म्हणजे कोषाचा धागा काढून झाल्यावर, उरणाऱ्या प्युपापासून पशुखाद्य बनवण्यात गेली. सांगते ते या तिन्ही ठिकाणचं आहे.

आधी तो आकडा. बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण ते वजन पाण्यासकट आहे. प्युपाचे ५० ते ६० टक्के म्हणतात ते वाळवलेल्या प्युपाचे. ताज्या प्युपात तीन चतुर्थांश पाणी असतं. पाणी धरून बोलायचं तर १०० ग्रॅम ताज्या प्युपात १३ ते १६ ग्रॅम प्रथिनं आणि सातआठ ग्रॅम चरबी. अंड्याच्या जरा वर, पनीरच्या जरा खाली, चिकनच्या बऱ्याच खाली. अंडंसुद्धा वाळवून मोजलं तर त्यात ५० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं निघतात, पण ‘अंड्यात पन्नास टक्के प्रोटीन’ असा व्हिडिओ कुणी काढत नाही. तुमच्या बायव्होल्टाइन जातीच्या कोषातला एक प्युपा सव्वा ते दीड ग्रॅमचा. म्हणजे १०० ग्रॅमला सत्तरेक प्युपा लागतील, आणि एका अंड्याइतकी प्रथिनं हवी असतील तर तीस-चाळीस. मुलाला हे मोजून दाखवा, मग तो स्वतःच अंड्याच्या ट्रेकडे वळेल.

आता दर्जा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एरीच्या प्युपाची नीट तपासणी केली होती, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. एरी म्हणजे एरंडाच्या पानावरची अळी. आसामीत एरंडाला ‘एरा’ म्हणतात, त्यावरून एरी. आपला एरंडही त्याच घरातला शब्द. या तपासणीत ताज्या प्युपात १६ टक्के प्रथिनं आणि ८ टक्के चरबी भरली. शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं त्यात आहेत आणि गुणांकन जवळपास पूर्ण आलं. पचनाचा हिशोब धरून जो गुण देतात तो शंभरात ८६ आला. इथवरचे आकडे सगळे सांगतात. त्याच तपासणीतला पुढचा आकडा मात्र कुणी सांगत नाही. खाल्लेल्या प्रथिनांतली प्रत्यक्ष अंगी किती लागतात ते पाहिलं, तर प्युपाला ४१ गुण मिळाले आणि दुधातल्या केसीनला ६२. वाईट नाही, पण दुधाच्या बरंच मागे. आणखी एक गंमत जिमवाल्यांसाठी: त्यात सगळ्यात तोकडं पडणारं अमिनो आम्ल निघालं ल्युसीन, म्हणजे नेमकं तेच, ज्याच्यासाठी मुलं हजारोंचे डबे विकत घेतात.

कातडीचाही थोडा हिशोब असतो. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. कीटकाच्या कातडीतल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तोही प्रथिन म्हणून धरला जातो. काही खाद्य कीटकांसाठी तर संशोधकांनी हा गुणक ४.७६ सुचवलाय. म्हणून पाकिटावर ६० लिहिलं असेल तर मी मनात ५० धरते.

चरबीपाशी मात्र थांबायला हवं, कारण प्युपाची खरी ओळख तिथे आहे आणि खरी अडचणही तिथेच. वाळलेल्या प्युपात २५ ते ३० टक्के तेल असतं. त्या तेलात अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर, तुतीवरच्या प्युपात साधारण पाव ते एक तृतीयांश, एरीत त्याहून जास्त. हे आपल्या ओळखीचं ओमेगा-३, जवसातलं. प्राण्यांच्या चरबीत ते एवढं सहसा सापडत नाही, आणि अळी आयुष्यभर पाला खाते हे लक्षात घेतलं की नवल वाटत नाही. पण मासळीतलं ओमेगा-३ वेगळं. जवसातल्याचं मासळीतल्यासारखं रूप आपलं शरीर करतं खरं, पण फार थोडं. त्यामुळे ‘प्युपा म्हणजे जमिनीवरची मासळी’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

जवसाची चटणी उन्हाळ्यात उघडी राहिली की महिनाभरात खवट होते, हे घरोघरी माहीत आहे. प्युपाचं तेल त्याच जातीचं, आणि इथे तर तेलाबरोबर ओलावा आणि प्रथिनं पण असतात. माझाच अनुभव सांगते. कर्नाटकातल्या पहिल्या वर्षी एका रिलिंग युनिटमधून मी वाळलेला प्युपा घेतला, चाळीस किलोचं पोतं. बाहेरून कोरडा, सोनेरी-तपकिरी, हातात घेतला तर कडकडीत. पोतं उघडलं आणि खोलीत जुन्या रंगाच्या डब्याचा, बुरसटल्या जवसाच्या तेलाचा वास पसरला. तेल काढून तपासलं तर पेरॉक्साइडचा, म्हणजे तेलाच्या खवटपणाचा, आकडा बघून आमच्या प्रयोगशाळेतल्या मुलाने पुन्हा एकदा तपासलं, त्याला वाटलं आपलंच चुकलं. त्याच पोत्याची प्रथिनं मोजली तर ५४ टक्के. कागदावर उत्तम, खायला नालायक. त्या दिवसापासून प्रथिनांचा रिपोर्ट कुणी पुढे केला की मी आधी पोतं हुंगते.

असं का होतं ते समजायला कोषाचा प्रवास बघा. तुम्ही पाचव्या-सहाव्या दिवशी चंद्रिकेवरून, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळीवरून, कोष काढता, तेव्हा आतला प्युपा जिवंत असतो, कोष कानाशी हलवला की खुळखुळतो. मार्केटमधून तो धागा काढणाऱ्या रिलरकडे जातो. तिथे गरम हवेने किंवा वाफेने प्युपा मारतात, नाहीतर पतंग कोष फोडून बाहेर येईल. गरम हवेत वाळवलेला कोष पुढे काही आठवडे गोदामात पडून राहू शकतो. मग तो उकळत्या पाण्यात शिजतो, धागा उलगडतो, आणि तळाशी राहतो तो मेलेला, एकदा वाळलेला, पुन्हा भिजलेला प्युपा. कर्नाटकातल्या रामनगर किंवा शिडलघट्टाच्या घरगुती युनिटमध्ये मी कितीतरी दुपारी उभी राहिलेय. भट्टीवरच्या कढईतलं पाणी सेरिसिनने, म्हणजे धाग्यावरच्या डिंकाने, चहासारखं झालेलं, शेजारी टोपली, टोपलीतून गळणारं पाणी गटाराकडे, आणि संध्याकाळी टेम्पो येईपर्यंत त्या ओल्या ढिगावर माश्यांचं राज्य. तो माल मासळीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याला जातो, तेल साबणाला. त्या कामाला ठीक आहे. पण त्यातली मूठभर घेऊन ‘हाय प्रोटीन’ म्हणून कुणी माणसाच्या पुढे ठेवत असेल तर तो पोषण विकत नाहीये.

मग कोरियात काय करतात, असं तुम्ही विचाराल, कारण व्हिडिओत तेच दाखवलं असणार. कोरियातलं बोन्देगी, म्हणजे उकडलेला प्युपा, रस्त्यावर कागदी पेल्यात मिळतो आणि दुकानात डब्यात. युद्धानंतरच्या गरिबीत, जेव्हा रेशमाची निर्यात जोरात होती, तेव्हा गिरणीतून निघणारा प्युपा हेच स्वस्तातलं प्रथिन होतं. जपानात नागानोकडे तो सोया आणि साखरेत आटवून ठेवतात. चीनमध्ये २००४ पासून तो साध्या अन्नाच्या यादीत आहे, आणि लिआओनिंगकडे ओकच्या पानांवरचा मोठा टसर प्युपा बाजारात जिवंत, वळवळणारा विकत घेतात. म्हणजे एक तर भांड्यात पडेपर्यंत जिवंत, नाहीतर धागा सुटल्या सुटल्या उकडून डबाबंद. मध्ये ढीग लावून ठेवायची सवड कुठे दिलेली नाही.

कोक्राझारच्या आठवडी बाजारात मी हे जवळून पाहिलं. बायका बांबूच्या सुपात एरीच्या पिकलेल्या अळ्या घेऊन बसतात, पिवळसर पांढऱ्या, करंगळीएवढ्या. गिऱ्हाईक बोटाने टोचून बघतं, हलली तरच घेतं. आपण मासळी घेताना कल्ला उघडून बघतो तसंच. कोष विणण्याआधी अळी पोट पूर्ण रिकामं करते, म्हणून पिकलेली अळी आणि प्युपा खातात, पाला खात असलेली अळी खात नाहीत. घरी आणून धुतात, मोहरीच्या तेलात मिरची आणि आंबवलेल्या बांबूच्या कोंबांबरोबर परततात. पहिला घास घेताना माझं मन तयार नव्हतं, हे कबूल करते. कातडी जराशी कुरकुरते, आत उकडलेल्या ओल्या शेंगेचा दाणा आणि अंड्याचा बलक यांच्या मधलं काहीतरी. दुसरा घास न मागता घेतला.

आणि एक उपरोध तिथे कळला. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो, प्युपा न उकळता बाहेर काढता येतो, धागा कातून काढतात, म्हणून शहरात एरीला ‘अहिंसा सिल्क’ म्हणून चढ्या भावाने विकतात. कोक्राझारच्या बायका हे ऐकून हसल्या. त्यांच्याकडे एरी मुळात खाण्यासाठीच पाळतात, प्युपाला कित्येकदा कोषापेक्षा चांगला भाव मिळतो, आणि कोष हा जोडउत्पन्नाचा भाग. आपल्याकडे सुती-रेशमी साडीच्या नजरेने हा धंदा बघतात, तिथे स्वयंपाकघरातून.

आता तुमचा हिशोब. शंभर अंडीपुंजांमागे (एका मादी पतंगाची अंडी म्हणजे एक पुंज) ७० किलो कोष निघाले असं धरू. कवच वीसेक टक्के, म्हणजे ५५ किलोच्या आसपास ताजा प्युपा, वाळवून १३-१४ किलो. ऐकायला मोठं वाटतं. पण तुम्ही कोष विकता तेव्हा प्युपा त्याच्या पोटात असतो आणि तुम्हाला पैसे अख्ख्या वजनाचे मिळतात, प्युपाच्या पाण्यासकट. तो आता रिलरचा. प्युपा ताजा हवा तर कोष कापावा लागेल, आणि कापलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही, त्याचा भाव पडतो. कोषाच्या आजच्या भावात प्युपासाठी चांगला कोष कापणं हा आतबट्ट्याचा धंदा आहे. तुमच्या हातात राहतो तो पोचट, डबल, वेडावाकडा कोष. जालन्याला नाकारला जाणारा. तेवढ्यातून घरचा एक-दोन वेळचा प्रयोग होईल, उद्योग होणार नाही.

वडिलांच्या साखरेबद्दल. यात थोडं तथ्य आहे. तुतीच्या चिकात डीऑक्सिनोजिरिमायसिन नावाचा पदार्थ असतो. तो पिष्टाचं साखरेत रूपांतर करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) आतड्यात अडवतो. अळी पाला खाऊन तो अंगात साठवते. मधुमेहावरचं मिग्लिटॉल हे औषध याच पदार्थाच्या रचनेवरून बनवलेलं आहे, आणि कोरियात अळीची भुकटी साखरेसाठी विकली जाते. पण ती भुकटी पाचव्या अवस्थेतल्या, पाला खात असलेल्या अळीची. कोष होईपर्यंत हा पदार्थ बराच कमी झालेला असतो. तेव्हा प्युपा खाऊन साखर उतरेल अशी आशा धरू नका. आणि भुकटी कुणी आणून दिलीच तर गोळ्या चालू असताना डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. दोन्हींचा परिणाम एकावर एक चढू शकतो, पोटही फुगतं.

घरात कोळंबी, खेकडा, जवळा कुणाला सोसत नसेल तर त्याने प्युपा चाखूसुद्धा नये. कीटक आणि कोळंबी जवळचे नातलग, अंगावर पित्त उठवणारं प्रथिन दोघांत सारखंच. चीनमध्ये प्युपा खाऊन घसा सुजणं, दम लागणं, रक्तदाब कोसळणं अशा घटनांची नोंद आहे, आणि त्यात पहिल्यांदाच खाणारेही होते. तुमच्याकडे आणखी एक खूण मिळेल: कोष काढताना किंवा संगोपनगृह झाडताना ज्याला हटकून शिंका येतात, डोळे चुरचुरतात, त्याला बाजूला ठेवा. युरिक अ‍ॅसिड वाढलेल्यांनीही जपून.

दुसरी भीती हिस्टामिनची. मेलेला ओला प्युपा उबेत पडला की जिवाणू त्यातल्या हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात, शिळ्या बांगड्यात होतं तसंच. चेहरा लाल, डोकं ठणकतं, उलट्या. थायलंडमध्ये तळलेले कीटक खाऊन असे प्रकार झालेत. आणि तळून हिस्टामिन जात नाही, हे लोकांना पटत नाही. तळलं की सगळं मेलं, असं आपण धरून चालतो.

इंटरनेटवर ‘रेशीम अळी खाऊन चालताना तोल जातो’ असंही वाचाल. ते नायजेरियातल्या अनाफे नावाच्या वेगळ्याच रानटी अळीचं आहे. तिच्यात बी१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं आणि ते शिजवूनही टिकतं. आपली तुतीवरची अळी ती नव्हे.

कीटकनाशकांबद्दल एक बरं आहे. फवारलेला पाला पोटात गेला तर रेशीम अळी माणसाच्या आधी मरते. शेजारच्या कापसावरची फवारणी वाऱ्याने तुतीवर आली आणि अख्खी बॅच गेली, हे तुमच्या भागात कुणी ना कुणी सोसलेलं असणार. त्यामुळे तरलेली अळी ही एक ढोबळ खूण, पक्की चाचणी नव्हे. पण मेलेली, काळी पडलेली, डागी कोषातली, उझी माशीने भोक पाडलेल्या कोषातली एकही घेऊ नका. आणि ज्या बॅचला ग्रासरी (विषाणूचा) किंवा मस्कार्डिन (बुरशीचा) रोग लागला, ती पूर्ण सोडा.

विकायचं मनात असेल तर कायद्याचं थोडक्यात: सिंगापूरने २०२४ मध्ये सोळा कीटकांना परवानगी दिली, त्यात रेशीम अळी आहे. युरोपने आजवर दिलेल्या चार कीटकांत ती नाही, आणि आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या चौकटीत पाकीटबंद कीटकांना सरळ वाट नाही. घरी खाणं आणि लेबल लावून विकणं यांत मोठं अंतर आहे.

तरीही एकदा करून बघायचं असेल तर सकाळी कोष काढाल त्या दिवशीच करा. नाकारलेल्या पण स्वच्छ कोषाचं टोक ब्लेडने हलकेच कापा, प्युपा तळहातावर ओता. शेपटीकडचा भाग वळवळला तर ठेवा, निपचित असेल तर टाका. दोन पाण्यांतून काढा, मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग निथळून लगेच तव्यावर तेल, लसूण, तिखट. जवळा परतता तसा. पहिल्या दिवशी माणशी दोन-तीन, बस. उरला तर उकडलेलाच फ्रीजरमध्ये, बाहेर नाही. वास गोडसर, दाण्यासारखा असतो. रंगाचा किंवा जुन्या तेलाचा वास आला तर कढई रिकामी करा.

आणि घरात कुणाचं मन होत नसेल, तर परसात कोंबड्या असतीलच. उकडून उन्हात कडक वाळवा, पंधरा दिवसांत संपेल एवढाच करा, खाद्यात पाच-सात टक्क्यांच्या वर घालू नका. त्याहून जास्त घातला की अंड्याला मासळीचा वास येतो, आणि मग ती अंडी मुलगाही खाणार नाही.